नळीने धरलेला अंगठा

माझी गाडी चालवायची परीक्षा होती, त्याच सकाळी गाडी सुरू होईना.

चावी फिरवली की स्टार्टर जोरात घरघरायचा, गाडी अंगभर थरथरायची, वाटायचं आता निघाली. चावी सोडली की गप्प. आमच्या ह्यांना जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणतात आणि खुर्चीतून हलत नाहीत, अगदी तसं.

परीक्षा अकराला. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावाच्या रस्त्याला लागून. आणि तिथला नियम असा की ज्याची परीक्षा त्यानंच आपली गाडी आणायची.

कुणी म्हणेल, मग शेजाऱ्याची न्या. पण मी शिकले ती हीच गाडी. हिला कार्बोरेटर आहे, गार असली की चोक ओढावा लागतो, तापली की तो हळूच आत सारावा लागतो. माझा पाय हिच्या क्लचला ओळखतो, हिचा क्लच माझ्या पायाला. नव्या गाड्या मी बघितल्यात. त्यांना चालवणारा लागत नाही, नुसता बसणारा लागतो. तसे आमच्या घरी आहेत एक.

आमचा धंदा जॅमचा. फळं मी निवडते, कढईपुढे मी उभी राहते, आणि भरलेल्या बरण्या दुकानादुकानांत पोचवायचं काम इतकी वर्षं ह्यांच्याकडे होतं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांची गाडी बंद केली. बरोबरच केलं. ह्यांना रस्त्यावरचा खांब माणूस दिसतो आणि माणूस खांब, आणि दोघांनाही हे हात करतात.

ही बातमी समोरच्या घरी पोचायला गल्ली ओलांडण्याएवढाच वेळ लागला. समोर आमच्या थोरल्या जाऊबाई राहतात. लगेच आल्या. म्हणाल्या, "माझ्या पोराची व्हॅन रिकामीच असते. तो पोचवील तुझ्या बरण्या. ती जुनी पेटी विकून टाका, जागा तरी मोकळी होईल."

जाऊबाईंचं देणं मला ठाऊक आहे. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी मला चूल अर्धी दिली होती, आणि पुढं किती वर्षं माझ्या प्रत्येक पदार्थाला "आमच्या चुलीवरचा" म्हणत होत्या. आज बरण्या त्यांच्या व्हॅनमध्ये गेल्या की उद्या दुकानदार त्यांच्या पोराला ओळखणार, परवा बरणीवर त्यांचं नाव येणार, आणि मी आपली कढईपाशी घाम पुसत बसणार.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, "मी चालवीन."

हे हसले नाहीत, हे त्यांचं शहाणपण. म्हणाले, "पास झालीस तर गाडी तुझी. नाही झालीस तर त्याच दिवशी पुतण्याला हो म्हणून सांगतो." हा माणूस शब्द सहसा देत नाही. दिला की मोडत नाही. त्यातच सगळी अडचण.

आणि आज तो दिवस, आणि गाडी गप्प.

"चोक ओढलास का?" हे पायरीवरून म्हणाले.

"ओढला."

"पूर्ण?"

"हातात यायचा राहिलाय."

"मग जास्त ओढलास. पेट्रोल तुंबलं असणार. तू पाय फार मारतेस."

"अहो, मी काय गाडीला लाथा घालतेय?"

समोर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊबाई वरांड्यात येऊन बसल्या. हातात वाटाणे सोलायची पाटी. वाटाणे हे निमित्त. माझी फजिती बघायला त्या बिनवाटाण्याच्याही बसल्या असत्या.

"काय गं, निघत नाही का?"

"निघतेय हळूहळू," मी म्हटलं. "म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो. तुम्हाला ठाऊकच आहे."

सूनबाई तोवर मिस्त्रीला फोन करून आली होती. माझी सूनबाई बोलते कमी, पण तिचे हात कधी रिकामे नसतात. मुलगा नोकरीला परगावी, ही माझ्याजवळ. आमच्याकडे झाकणांचा कारभार पूर्ण तिचा. जॅम कढत असतानाच बरणी काठोकाठ भरायची, वर हवेला जागा ठेवायची नाही, रबराची चकती, वर झाकण, दाबून फिरवायचं. गार झालं की आतलं आकसतं आणि झाकण आपणहून आत ओढलं जातं. मग सूनबाई एकेका झाकणावर अंगठा दाबून बघते. वर्षानं उघडलं तरी फुस्स असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर ती बरणी बाद. तिच्या हाताखाली या घरात कुठलंच झाकण सैल राहत नाही, मिठाच्या डब्यापासून शाईच्या दौतीपर्यंत. कधी कधी मला वाटतं, मी फार बोलले तर मलाही लावील.

ठोक्या मिस्त्री सायकलवरून आला. त्याला ठोक्या म्हणतात, कारण कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तो तिला पान्यानं दोन ठिकाणी ठोकून बघतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. आमच्या गाडीच्या बॉनेटवर त्यानं दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "काकू, परीक्षा आजच ना?"

"आजच. आणि ठोकून झालं असेल तर उघड."

"बॅटरी गेली असणार," हे म्हणाले.

"काका, बॅटरी गेली असती तर स्टार्टर इतका जोरात फिरला असता का? बॅटरी ठणठणीत आहे." ठोक्यानं बॉनेट वर केलं. "हे बघा काकू, गाडीला खायला पेट्रोल लागतं आणि पेटवायला ठिणगी. आणि हवा. हवा काय, फुकटच. तेव्हा या दोन्हीतलं कोण रुसलंय ते बघू. उगाच सगळं खोलत बसायचं नाही."

मला हे पटलं. डॉक्टर असाच असावा. पोट दुखतं म्हटलं की डोक्यापासून सुरुवात करणारे मला चालत नाहीत.

त्यानं एका प्लगची वायर काढली, प्लग खोलून बाहेर घेतला, पुन्हा वायरीला लावला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. "मारा काकू."

मी चावी फिरवली. मान वाकडी करून काचेतून बघत होते. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी टचटच उडत होती, तव्यावर मोहरी तडतडावी तशी.

"ठिणगी आहे," ठोक्या म्हणाला. "चांगली आहे." मग त्यानं प्लग नाकाशी नेला, मला दिला. "वास घ्या."

मी घेतला. "कसलाच नाही."

"कोरडा ठाक. काका म्हणतात तसं पेट्रोल तुंबलं असतं तर हा ओला असता, वासानं डोकं धरलं असतं. याला थेंबही पोचलेला नाही. म्हणजे काकू, गाडी उपाशी आहे."

"ऐकलंत का?" मी ह्यांना म्हटलं. "म्हणे मी पाय फार मारते."

हे चष्मा पुसू लागले. वाद हरला की ह्यांचा चष्मा मळतो.

माझं मन आता नुसतं उड्या मारत होतं. भीती होती, नाही असं नाही. पण गंमतही वाटायला लागली होती. कढईत पाक बिघडतो तेव्हा मी अशीच मागे मागे जाते. साखर का, आच का, फळ का. एकेकाला विचारत जायचं, खोटं बोलणारा सापडतोच.

ठोक्यानं प्लग परत बसवला, मग हवेची डबी काढून कार्बोरेटर उघडा केला आणि मला बाहेर बोलावलं. "यात बघा. मी इथून दांडी ओढतो. आत पेट्रोल असेल तर पिचकारी उडेल."

मी डोकं आत घातलं. त्यानं दांडी ओढली, सोडली, ओढली. पिचकारी नाही, थेंब नाही.

"कार्बोरेटरची वाटी रिकामी," तो म्हणाला. "टाकीत पेट्रोल आहे ना?"

"कालच भरून आणलीय," हे म्हणाले. "काठोकाठ. मी स्वतः उभा होतो."

"उभे तुम्ही खांबाशेजारी होता," मी म्हटलं. "पण भरली खरी. सूनबाईनं भरून घेतली, काटा पार वर आहे."

"मग टाकी भरलेली आणि वाटी रिकामी. मधे पंप आणि नळी. दोघांतला एक चोर." ठोक्यानं बाह्या वर सारल्या. "पंपावर माझा संशय आहे. काकू, एक स्वच्छ बरणी मिळेल?"

हे त्यानं आमच्या घरी विचारावं. सूनबाई बरणी घेऊन आली, पुसून, झाकणासकट. ठोक्यानं आपल्या कॅनमधलं पेट्रोल तीत ओतलं. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी त्यानं पंपावरून उपसली. तिनं च्युक असा बारीक आवाज केला. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

"काका, या नळीच्या तोंडावर अंगठा धरून उभे राहा. पेट्रोल सांडायला नको. आणि सोडू नका."

"एवढंच ना," हे म्हणाले आणि मोठ्या जबाबदारीनं अंगठा लावून उभे राहिले.

पंपाला दुसरी छोटी नळी लावून तिचं टोक ठोक्यानं बरणीत सोडलं. आता पंप टाकीतून नाही, बरणीतून पिणार होता. "पंप मेला असेल तर बरणी तशीच राहील. मारा."

मी चावी फिरवली. घरघर, घरघर. सूनबाई बरणी धरून उभी होती, तिचे डोळे बरणीवर. "आई," ती म्हणाली, "कमी होतंय."

आणि गाडी खोकली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग धडधडायलाच लागली. गल्ली दणाणली. मी चोक थोडा आत सारला, पाय अलगद ठेवला, आवाज गोल झाला. समोर जाऊबाईंच्या पाटीतले वाटाणे घरंगळले की त्यांनी ओतले, कोण जाणे.

"निघाली वाटतं," त्या म्हणाल्या. आनंद झाल्यासारखं म्हणायचा त्यांनी खूप प्रयत्न केला.

"पंप चोर नाही," ठोक्या ओरडून सांगत होता. "कार्बोरेटरही नाही. सगळं ठीक आहे."

बरणी संपली आणि गाडी बंद पडली.

मी घड्याळाकडे बघितलंच नाही. बघून ते थोडंच थांबणार होतं.

"मग राहिली नळी," ठोक्या म्हणाला. "टाकीपासून इथपर्यंत कुठंतरी कचरा अडकला असणार. सगळी उतरवावी लागेल. काकू, खरं सांगू का, तासाभरात होईलसं नाही वाटत."

"व्हॅन बोलावू का गं?" समोरून हाक आली. "माझा पोरगा ओढून नेईल तुला मैदानापर्यंत. दोरी आहे त्याच्याकडे."

परीक्षेला दोरीनं बांधून. जाऊबाईंच्या पोराच्या मागे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, ही नळी माझा अंगठा सोडत नाही."

"काय?"

"चोखतेय. लहान मूल चोखतं तशी."

ठोक्या हसला. "काका, सोडा आता, काम झालं."

"मी सोडतोय रे, तीच सोडत नाहीये." ह्यांनी अंगठा ओढला, नळीनं पुन्हा च्युक केलं. ह्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. टोकाला गोल वळ उठला होता, मधला मऊ भाग वर फुगलेला.

मी तो वळ बघितला, पुन्हा बघितला. असा वळ मी ओळखते. घट्ट बसलेली बरणी उघडली की झाकणाखालच्या रबराच्या चकतीवर असतो तो.

मी ह्यांना बाजूला केलं आणि नळीवर माझा अंगठा ठेवला. ओढ होती. हलकी, पण न सोडणारी. नळीतून बाहेर यायला हवं, आणि ही आत ओढते. टाकी आत ओढते. गार झालेली बरणी झाकण आत ओढते तशी.

"सूनबाई," मी म्हटलं, "टाकीच्या झाकणाचं तू काय केलंस?"

ती गोंधळली. "तुम्हीच म्हणालात ना, आई. त्या दुकानदारानं जॅमला पेट्रोलचा वास येतो म्हणून बरणी परत केली. तुम्ही म्हणालात, टाकीचा वास बंद कर."

"म्हटलं मी. आणि काल शाबासही म्हटलं. केलंस काय ते सांग."

"झाकणाचं रबर फाटलं होतं. मी मोठ्या बरणीची चकती कापून घातली. आणि झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं, त्यातून वास येत असणार म्हणून मेण ओतून बंद केलं. टाकी काठोकाठ भरून घेतली आणि उन्हातून घरी आल्याबरोबर आवळून टाकलं." मग जरा मान वर करून म्हणाली, "गाडी उलटी केली तरी थेंब सांडणार नाही."

ठोक्यानं कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, ते भोक मुद्दाम असतं."

"थांब," मी म्हटलं. मला आधी ऐकायचं होतं. मी गाडीच्या मागे गेले. झाकणाला हात घातला, ते हलेना. सूनबाईचं झाकण आहे, माझ्या एकटीनं थोडंच हलणार. ती बरण्या उघडायचा पट्टा घेऊन आली, दोघींनी जोर लावला.

फुस्स.

लांब, पोटभर फुस्स. माझ्या आयुष्यात इतकी चांगली बंद झालेली बरणी मी ऐकली नाही.

सूनबाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आधी ती हसली, मग मी, मग दोघींना आवरेना. ठोक्या मात्र नळी आणि हवेची डबी परत चढवता चढवता ह्यांना समजावत होता. "गरम पेट्रोल, काठोकाठ टाकी. रात्री गार झालं, आकसलं. वरून हवा आत यायला वाट नाही. मग इकडून पंप ओढतो आणि तिकडून टाकी ओढते. येणार कसं पेट्रोल?"

"तूच म्हणालास, हवा फुकट," मी म्हटलं. "आमच्या घरी ती कुणालाच फुकट मिळत नाही."

"झाकण आता सैलच राहू द्या," तो म्हणाला. "मेण संध्याकाळी काढतो. मारा चावी."

थोडा वेळ घरघर झाली, वाटी भरायला वेळ लागणारच, आणि मग गाडी अशी उठली की ह्यांनी दचकून दाराला धरलं. "बसा," मी म्हटलं. "बाजूला. इकडे नाही, तिकडे." सूनबाईनं मागून पट्टा उचलला, टाकीवर फडकं फिरवलं, मागे बसली. मी गिअर टाकला. जाऊबाईंच्या वरांड्यासमोरून जाताना मी हॉर्न वाजवला. गल्लीत कुणी आडवं नव्हतं, पण वाजवला.

मैदानावर आमचा नंबर पुकारत होते तेव्हाच पोचलो. साहेब तरुण होते, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला कागद. त्यांनी गाडी बघितली, मला बघितली, मग कागदावरचं वय बघितलं.

"आजी, गाडी चालवणार कोण?"

"आजी घरी. इथं मी उमेदवार."

मला लिहायवाचायला फारसं येत नाही, म्हणून तोंडी प्रश्न घेतले. रस्त्यावरच्या पाट्या दाखवल्या. चित्रं तर चित्रं, मी फळ न कापता आतली कीड सांगते. सगळ्या बरोबर आल्या. मग साहेब माझ्या बाजूला बसले, सूनबाई आणि हे कठड्याशी उभे राहिले, आणि आम्ही निघालो. वळण घेतलं, चौकात थांबले, उजवीकडे हात, डावीकडे इंडिकेटर. माझा आवाज काढून ठेवला होता जणू, गाडीच बोलत होती.

मग चढ आला. परीक्षेतला हाच अवघड भाग. चढावर मधे थांबायचं आणि मागे न घसरता निघायचं. अर्ध्या चढावर पोचले आणि माझ्या पायाला कळलं. गाडीनं आवंढा गिळला. पाय दाबला तर जोर नाही. पुन्हा आवंढा.

साहेबांना काही कळलं नव्हतं. मला कळलं. उपाशी होतेय. पण झाकण तर सैल होतं. कुणी...

आणि मला फडकं आठवलं. निघताना सूनबाईनं टाकीवर फिरवलेलं फडकं. पुसलं की झाकण आवळायचं, तिचे हात तिला विचारून थोडंच करतात.

बंद पडली असती तर संपलं होतं. नियमच तसा, चढावर गाडी बंद पडली की नापास. मी बंद पडू दिली नाही. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, कडेला घेतली, हँडब्रेक करकचून ओढला आणि चावी मी स्वतःच फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"काही नाही. थांबवलीय. बसा तुम्ही."

"अहो, गाडी बंद पडली तर..."

"पडली नाही, पाडली. दोन्हीत फरक आहे. लिहू नका अजून."

मी उतरले. मागे गेले. झाकण आवळलेलं होतंच. हातानं आवळलेलं, पट्ट्यानं नाही, एवढी देवाची कृपा. दोन्ही हातांनी पिळलं. फुस्स. सकाळएवढं नाही, पण पुरे. सैल करून ठेवलं आणि परत येऊन बसले. साहेबांनी आवाज ऐकला होता. ते मान वळवून मागे बघत होते, टाकीतून कुणी बाहेर येतंय की काय असं.

आता खरी परीक्षा. उतार मागे, चढ पुढे, वाटी अर्धी रिकामी. चावी फिरवली. घरघर. सोडली. मी गाडीशी मनात काय बोलले ते इथं सांगत नाही, त्यात एक शिवी होती. पुन्हा फिरवली. खोकली आणि लागली. पाय हळूच दाबला, क्लच अलगद वर, इंजिन जड झाल्याचं तळपायाला कळलं तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरसुद्धा मागे गेली नाही. चढावरून सरळ वर गेली, वरून वळली, खाली आली. मग ड्रमांच्या मधून मागे घ्यायची होती. ती तर मी आमच्या अंगणात कढया आणि पेट्या मांडून रोज घेत होते.

साहेब बराच वेळ कागदावर काही लिहीत नव्हते.

"मघाशी तुम्ही टाकीचं काय केलंत?"

"झाकण फार चांगलं बसलं होतं."

"म्हणजे?"

"आमच्या सूनबाईनं लावलेलं. तिनं लावलेलं झाकण बसतं ते बसतंच. टाकीला हवा लागते, बरणीला नाही. ती अजून बरणी समजून लावते. शिकेल."

साहेब म्हणाले, "चढावरून निघताना मागे किती गेली असं वाटतं?"

"गेलीच नाही. तुम्ही तिथंच बसला होता, तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी लिहिलं. सही केली. मग पुठ्ठ्यावरून डोळे न उचलता म्हणाले, "लायसन्सच्या फोटोला आत या."

कठड्याशी सूनबाई उभी होती, तोंड पांढरं. दुरून तिनं मला उतरताना, मागे जाताना बघितलं होतं आणि तिला सगळं आठवलं होतं. "आई, मी... माझे हात..."

"तुझे हात मी जपून ठेवणार आहे," मी म्हटलं. "फक्त गाडीपासून लांब. पास झाले."

चावी ह्यांच्याकडची दुसरी, त्यांच्या खिशात नेहमी असायची ती, त्यांनी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मग चष्मा पुसला. या वेळी वाद नव्हता झाला.

संध्याकाळी ठोक्यानं झाकणावरचं मेण सुईनं काढून दिलं. सूनबाई शेजारी उभी राहून त्या बारीक भोकाकडे अशी बघत होती, जशी कुणी तिच्या बरणीला भोक पाडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बरण्या लादल्या. गाडी पहिल्या चावीत लागली. मी चोक आत सारत होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि जाऊबाई गल्ली ओलांडून आल्या. केस विंचरलेले, हातात पिशवी.

"बाजाराकडे चाललीस का गं?"

"चाललेय. का? व्हॅन कुठंय?"

"पोरगा झोपलाय. आणि त्या व्हॅनमध्ये मला मळमळतं." त्या गाडीच्या दाराशी घुटमळल्या. पुढच्या जागेवर हे बसलेले. "तुझी गाडी तशी बरी दिसते. आतून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे.

"अहो," मी म्हटलं, "मागे बसा. बरण्या मांडीवर घ्या. आणि झाकणांना हात लावू नका."

हे मागे गेले. जाऊबाई पुढे बसल्या आणि दार ओढलं. ते नीट लागलं नाही. जुनी गाडी आहे, दाराला जरा वर उचलून ओढावं लागतं.

"जोरात ओढा," मी म्हटलं. "ते मात्र घट्ट लागलेलं चालतं."